चुकलेलं उत्तर

अक्षतला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याने कोचिंगच्या अ‍ॅपसाठी केलेले गणिताचे पाच-पाच मिनिटांचे धडे मात्र मोबाइलवर तसेच होते. आठवीपर्यंत शिकलेल्या माईंनी देवासच्या घरात बसून मुलाचं सगळं बीजगणित पार केलं, कॅल्क्युलसही उरकत आणलं. शेवटच्या धड्यावर मात्र त्यांची गाडी महिनाभर अडली होती. धडा संपला की एक प्रश्न येई, आणि माई रोज चुकत.

मोठ्या मुलाची मुलगी किमया बारावीत होती. ती एक दिवस वैतागलीच. "माई, हद्द झाली! परवा हाच सवाल तू मला कढी ढवळता ढवळता समजावलास. मग इथे रोज गलत कसा करतेस?"

"बरोबर उत्तर दाब बरं," माई म्हणाल्या.

किमयाने दाबलं. हिरवी खूण आली आणि गेली.

माईंनी धडा पुन्हा लावला, आणि शेवटी चुकीचं उत्तर दाबलं.


चष्मा वर सरकवत अक्षत पडद्यावर आला आणि म्हणाला, "कोई बात नहीं, फिर से करते हैं. मैं यहीं हूँ."