उस्तादांचा हात

"लाकडासारखे कडक हवेत," उस्ताद म्हणाले. "मऊ शॉकअप म्हाताऱ्यांच्या गाडीला."

"मग बरोबरच निवडलेत की मी," मुलगी गाडीखालून म्हणाली.

गॅरेजमधल्या जुन्या वेल्डरने हसू कसंबसं गिळलं. दोनच माणसं बसतील अशी ती बुटकी लाल स्पोर्ट्‌स कार उस्तादांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी उभी केली होती आणि आजवर तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागू दिला नव्हता. आज पहिल्यांदाच नवे शॉकअप निवडायला आणि बसवायला त्यांनी लेकीला दिले होते, तेही अट घालून. पाण्याच्या टाकीखालच्या वळणावर गाडी पास झाली, तर यापुढे गॅरेजात शॉकअपच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. नाही झाली, तर हे काढून शर्यतीच्या गाड्यांचे बसवायचे आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

"बाबा, शर्यतीचा रस्ता काचेसारखा असतो. आपला सगळा ठिगळांचा. कडक शॉकअपवर चाक उडतं. उडालेलं चाक रस्ता काय धरणार?"

"मग स्टिअरिंग कशाला दिलंय?" उस्तादांनी विषय मिटवला.

त्यांचं सगळं शास्त्र उजव्या तळहातात होतं. कुठलीही गाडी गॅरेजाबाहेर पडण्याआधी ते मडगार्डवर तळवा ठेवून अंगाचा भार टाकत. गाडी दबली, एकदा वर आली आणि गप्प उभी राहिली, की मान हलवत. ती मान हलल्याशिवाय गिऱ्हाइकाला किल्ली मिळत नसे, मग तो कितीही मोठा माणूस असो.

मुलगी हात धुवायला गेली तसा उस्तादांनी लाल गाडीवर तळवा दाबला. दबली, वर आली, थांबली. खोड काढायला जागा नव्हती. पण गाडी जरा जास्तच शहाण्यासारखी दबली, आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी बॉनेट उघडलं. दोन्ही शॉकअपच्या डोक्यावर काळ्या गोल टोप्या होत्या. महागाच्या शॉकअपला कडक-मऊ करायची चावी डोक्यावरच असते, एवढं त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही टोप्या उजवीकडे चांगल्या पिळल्या. चावी फिरली की येतो तो टकटक आवाज काही आला नाही. महागाच्या वस्तू गाजावाजा करत नसतील, असं म्हणून त्यांनी बॉनेट हळूच लावलं. वेल्डरने पाहिलं, पण तो पडला जुना माणूस.

टाकीखालच्या वळणाआधी रस्ता डांबराच्या ठिगळांनी भरलेला होता. तिथे गाडी दर वेळी बाहेरच्या बाजूला उडी मारायची आणि उस्ताद ती स्टिअरिंगवर झेलायचे. त्या झेलण्याचा त्यांना कोण अभिमान! आजही त्यांनी सवयीने स्टिअरिंग आवळलं. उडी आलीच नाही. ठिगळं चाकांखालून निघून गेली, गाडी वळणाला चिकटून राहिली आणि त्यांच्या आवळलेल्या हातांना काही कामच उरलं नाही. ते पुन्हा मागे गेले, पुन्हा आले, या वेळी जोरात. शेजारी मुलगी खिडकीबाहेर बघत बसली होती.

गॅरेजात परतले ते शीळ घालतच. पिवळ्या गाडीवाला दातांचा डॉक्टर आपली दुरुस्त झालेली गाडी न्यायला येऊन थांबला होता. उस्तादांना श्रोता मिळाला.

"बघितलंस?" ते लेकीला म्हणाले. "तू हात धुवायला गेलीस तेव्हा मीच कडक करून टाकले होते. तुझ्या मऊपणावर विसंबलो असतो तर टाकीत पोहत असतो आपण!"

वेल्डरला खोकला आला. मुलीने त्याच्याकडे डोळे वटारले.

"वळली ना नीट?" ती एवढंच म्हणाली. "मग झालं."

"झालं कसं? या डॉक्टर, दाखवतो." उस्तादांनी बॉनेट उघडून टोपीला हात घातला. टोपी अलगद हातात आली. खाली ग्रीस लावलेला साधा नट होता. बाकी काही नाही.

"हे काय?"

"धुळीचं झाकण, बाबा."

"आणि चावी?"

"या शॉकअपना चावी नसते." मुलगी म्हणाली. "चावीवाले होते दुकानात. चांगले होते. पण ते फक्त गाडीला बसले असते, तुम्हाला नाही. तुम्ही पिळल्याशिवाय राहिला असता का?"

उस्तादांचे कान गरम झाले. डॉक्टर शहाणा, तो भिंतीवरचे पाने बघू लागला. मग त्या गरम कानांमागून उस्तादांच्या मनात दुसरंच काहीतरी वर आलं. गाडी ओळखायला त्यांनी कितीतरी पोरांना शिकवलं होतं. चालवणाऱ्याला ओळखून शॉकअप निवडायचे, हे त्यांना स्वतःला कधी सुचलं नव्हतं. आणि हिला त्यांची खोड आधीपासून ठाऊक होती, तरी चार माणसांत ती गप्प राहिली होती. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"डॉक्टरांची गाडी तयार आहे," वेल्डर म्हणाला. सवयीप्रमाणे सगळे उस्तादांच्या उजव्या हाताकडे बघू लागले. तो हात झाकणासकट खिशात गेला होता.

"माझ्याकडे काय बघता?" उस्ताद म्हणाले. "हात तिचा."

मुलीने तळवा पँटला पुसला, मडगार्डवर ठेवला आणि अंगाचा भार टाकला. पिवळी गाडी दबली, एकदा वर आली, गप्प उभी राहिली. उस्तादांची मान हलणारच होती. त्यांनी ती आवरली आणि लेकीची मान हलायची वाट बघत उभे राहिले.