करणीचे केस

पोट दुखतंय म्हणजे बेंबी सरकली असेल, म्हणून बेंबी बसवणाऱ्या म्हातारीने सगुणाच्या नवऱ्याच्या पोटावर पेटती पणती ठेवली आणि तिच्यावर तांब्या पालथा घातला. तांब्या असा चिकटला की यशवंता गुरासारखा ओरडला आणि त्याने तो दोन्ही हातांनी उपटून काढला. त्यासरशी बेंबीतून रक्त, पू आणि काळ्या केसांचा एक पुंजका बाहेर आला.

म्हातारी मागे सरकली. "करणी हाय रं ही! कुणीतरी केस खायला घातल्यात तुला."

यशवंता तसाच उठला आणि त्याने बायकोची वेणी धरली. "मला जेवायला कोण वाढतं गं? तूच ना?" त्याने तिला उंबऱ्यापर्यंत फरफटत नेलं. केसांची बट मुळासकट मुठीत आली, तेव्हाच सोडलं.

संध्याकाळी त्याला ताप चढला, तेव्हा तीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी चिमटा आत घालून आणखी केस ओढले, तसा तो बायकोचा हात घट्ट धरून किंचाळला.

"कसली करणी? तुमच्याच पोटावरचे केस बेंबीत रुतलेत," बाई म्हणाल्या. मग सगुणाकडे वळल्या. "जखम रोज धुवायची आणि भोवतालचे केस वस्तऱ्याने काढायचे."

सकाळी यशवंता सदरा वर करून उताणा पडला. सगुणाने पदर खोचला आणि त्याच्याच दाढीचा वस्तरा दगडावर घासला. तिच्या टाळूवरची उघडी जागा अजून ठणकत होती.

"सगुणे, जरा हळू गं."

"हलू नका," ती म्हणाली आणि तिने पातं बेंबीपाशी टेकवलं.

यशवंताने श्वाससुद्धा घेतला नाही.