खातं कुणाचं?

"हे आता आमच्याकडे नाही हो, आजी," गृहखात्याचा कारकून म्हणाला. "सकाळीच मंत्र्यांची खांदेपालट झाली. परदेशी माणसांचा विषय आमच्याकडून काढून घेतला."

म्हातारीनं टेबलाची कड घट्ट धरली. "अहो, संध्याकाळी बोट सुटतेय. माझ्या सुनेला देशाबाहेर घालवताहेत. अंगावर पिणारं लेकरू आहे तिचं!"

गुन्हा कसला? काही नाही. नवे नियम आले आणि परदेशात जन्मलेल्या सुनेचा राहण्याचा परवाना एका फटक्यात रद्द झाला. ती बंदरावरच्या कोठडीत, नवरा कोठडीबाहेर फुटपाथवर, आणि त्याच्या मांडीवरचं पोर रडून रडून लालबुंद. बाटलीला तोंड लावेल तर शपथ!

कारकुनाला दया आली. "नव्या नियमात एक आहे. बोटीवर चढवायच्या आधी संबंधित मंत्र्याची सही लागते. म्हणजे थांबवायचं तर तोच थांबवणार. मजूर खात्यात बघा."

"मग तुमच्याकडे नाही, एवढं लिहून द्या बाबा. नाहीतर मुलगा म्हणेल, आई दारातूनच परत आली."

"सुनेसाठी एवढी वणवण करणारी सासू पहिल्यांदाच बघतोय," असं म्हणत त्यानं लिहून दिलं. वर शिक्काही मारला.

मजूर खात्यात कपाटांची हलवाहलव चालली होती. जुन्या मंत्र्यांची पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली. तिथल्या अधिकारी बाईंना म्हातारीनं तेच विचारलं, परदेशी माणसांचं खातं तुमच्याकडेच ना?

"तुमची सून मजूर आहे का?"

"घरात राबते, तेवढंच."

"मग नाही आमच्याकडे. बंदरं व्यापार खात्याकडे गेलीत, तिथं विचारा."

लिहून देताना बाईंनी मान वर केली नाही. त्यांनाही घरी तान्हं मूल असावं.

व्यापार खात्याची लिफ्ट बंद होती. म्हातारी कठड्याला धरून जिने चढली. गुडघे ऐकत नव्हते आणि घड्याळ थांबत नव्हतं. वर उपसचिव नवा आदेश वाचत बसले होते.

"थांबा हं," ते म्हणाले. "बंदरं आमच्याकडे आली, म्हणजे बंदरातून जाणारी माणसंही बहुतेक आमच्याकडेच..."

म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं.

उपसचिवांनी कुणाला तरी फोन लावला. "हो, हो, पण ही ब्याद आपल्या गळ्यात कशाला?" असं हळूच बोलून त्यांनी फोन ठेवला. "नाही आजी. माल आमचा, माणसं नाहीत. आमच्या मंत्र्यांचा याच्याशी संबंध नाही."

म्हातारी मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. उपसचिवांनी स्वतः उठून पाणी दिलं. तिनं मागितलं तसं लिहूनही दिलं. दगडालाही पाझर फुटावा असं ते रडणं होतं.

ती बंदरावर पोचली तेव्हा बोटीत सामान चढत होतं. मुलानं वर बघितलं. पोराच्या डोक्यावरून नुसता हात फिरवून ती आत जाऊन बसली.

कोठडीचा अधिकारी तसा वाईट माणूस नव्हता. "आजी, मिळाली का स्थगिती?"

"नाही."

"मग माझाही नाइलाज आहे. मंत्र्यांची सही आणायला माणूस पाठवतोच आहे. सुनेला भेटून घ्या. लेकरालाही आत आणा, शेवटचं पाजू दे तिला."

म्हातारी उठली नाही. "स्थगिती मी मागितलीच नाही, साहेब," डोळे पुसत ती म्हणाली आणि तिन्ही कागद तिनं त्याच्यापुढे मांडले. "सुनेला घालवायची सही करणारा मंत्री आमच्याकडे नाही, एवढंच तिन्ही खात्यांकडून लिहून आणलंय."