लाल ठिपका

ग्राफिक्स कार्ड काढून दुसरं बसवता येतं, म्हणून तर त्यानं हा लॅपटॉप हौसेनं घेतला होता. आणि काढता येतं, म्हणूनच तो दुरुस्तीला टाकायच्या आदल्या आठवड्यात त्यानं बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका कार्डावर लावून चांगला वाळवला होता.

"फक्त पंखा साफ केलाय," दुरुस्तीवाला म्हणाला. "कार्डाला बोटसुद्धा लावलं नाही."

"झाकण उघडून दाखवा."

"एवढा संशय बरा नव्हे, साहेब," म्हणत त्यानं स्क्रू काढले.

ठिपका होता तिथंच होता. भल्या माणसावर उगाच शंका घेतली म्हणून तो ओशाळला. त्यानं कार्डावरून हलकेच बोट फिरवलं.

बोट लाल झालं.