हे बरं, की हे?

“चष्मा काढ आणि बस,” चष्मेवाला आपल्या मुलीला म्हणाला.

ती तपासणीच्या खुर्चीत बसली. सकाळी प्रवेशाची यादी लागली होती आणि खगोलशास्त्राच्या यादीत तिचं नाव नव्हतं. रडून रडून डोकं ठणकत होतं. आणि डोकं ठणकलं की नंबर तपासायचा, एवढा एकच उपाय बापाला ठाऊक. घरी तो घुम्या होता. समोरच्याला खुर्चीत बसवून, चष्मा काढून आंधळं केलं, की मग मात्र त्याला कंठ फुटायचा.

त्यानं तिच्या नाकावर तपासणीची जड, गोल फ्रेम चढवली.

“संध्याकाळपर्यंत कळवायचंय ना? ठरवू मग. तिकडे मोठ्या शहरात गणित.” त्यानं काच सरकवली. “की इथे कोपऱ्यावरच्या कॉलेजात नेत्रतपासणी.” दुसरी काच सरकवली. “हे बरं, की हे?”

“तिकडे वेधशाळा आहे, बाबा. गणित घेतलं तरी तिथं जाता येतं. सरांनी सांगितलंय. पहिलंच बरं.”

“नक्की?”

हे ‘नक्की?’ तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. सुट्टीत ती काउंटरवर बसायची. स्वस्त फ्रेम उचलणाऱ्या गिऱ्हाइकाला तो हा प्रश्न दोनदा तरी विचारायचा. महागडी उचलणाऱ्याला कधीच नाही. मग गिऱ्हाईक स्वतःच्याच पसंतीनं महागडी घेऊन जायचं, वर आभारही मानायचं.

“माझी जबरदस्ती नाही हं,” तो म्हणाला. “पण वेधशाळेच्या दारात उभं राहून कुणी आकाश वाचायला शिकत नाही. ना धड इकडे, ना धड तिकडे. पुन्हा बघ. हे बरं, की हे?”

“दगडापेक्षा वीट मऊ,” काउंटरमागून आई म्हणाली. ती फ्रेमा पुसत होती आणि मान वर करत नव्हती. “इथं निदान हातात काही राहील.”

काच सरकत राहिली. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं फुगली, आक्रसली. बाप प्रत्येक वेळी तेच विचारत होता, तेही इतक्या मायेनं की चिडायचीही सोय नव्हती. चौथ्या की पाचव्या खेपेला ती थकली.

“दोन्ही सारखंच दिसतंय.”

“मग झालं तर,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की ती बघतच राहिली. आज सकाळपासून या दुकानात आनंद झालेला तो एकटाच माणूस होता.

त्यानं फ्रेम उतरवून तिचा चष्मा तिला परत दिला. आतल्या कपाटातून एक पांढरा कोट काढला, झटकला आणि तिच्यापुढे धरला. त्याच्या स्वतःच्या कोटासारखाच होता. खिशावर निळ्या दोऱ्यानं दुकानाचं नाव आणि त्याखाली तिचं.

“घालून तर बघ.”

तिनं हात घातले. बाह्या बरोबर मनगटापर्यंत आल्या, खांदे खांद्यांवर बसले. इतका अंगाबरोबर की काही बोलायला जागाच उरली नाही. मग तिला घड्या दिसल्या. छातीवर एक आडवी, पोटावर एक. दोन्ही पिवळ्या पडलेल्या. कोट नवा होता, पण घडी जुनी होती.

“बाबा, हा शिवलात कधी?”

“हा ना? तू नववीत होतीस.” तो तिची कॉलर सरळ करत होता. “आपण दुर्बीण केली नव्हती का, दुकानातल्या काचा लावून? गच्चीवरून तू खालीच यायची नाहीस. त्याच सुट्टीत शिंप्याकडे टाकला.”

आईचा पुसायचा हात थांबला.

एक पाऊल मागे सरून बापानं लेकीला डोळे भरून पाहिलं.

“म्हटलं, वाढत्या अंगाचा शिवून ठेवू.”