जनकाबाईच्या कुरडया

शेत विकून जनकाबाईनं लेकाला कॅनडात दुकान थाटून दिलं. धंदा चालला तरच तिथलं सरकार त्याला कायमचं राहू देणार होतं. दुकानात तिच्याच हातच्या कुरडया, प्रत्येक पाकिटावर पदर घेतलेला तिचा फोटो. “आई, गोरे लोकबी तुटून पडून राह्यले!” तो फोनवर सांगायचा आणि ती साखरखेर्ड्याच्या उन्हात आणखी कुरडया घालायची. आज चिखलीला लेकीकडे अंथरूण काढायला तिनं दिवाणाचं झाकण उचललं, तर आतून तिचेच चेहरे तिच्याकडे बघत होते. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं. “हे काय वं?” “मैतरिणींच्या नावानं कॅनडाच्या दुकानातून मीच मागवून राह्यली, आई. विक्री नाही दिसली तं दादाले वापस धाडतीन. अन् शेत तं गेलं.” तेवढ्यात लेकाचा फोन आला. “आई, कुरडया संपल्या बरं!” जनकाबाईनं झाकण दाबलं. “हाव बापू, गहू भिजतच घातलेत.”