तिसरीच्या वर्गाचं दार

या मायबापहो, जरा पुढं सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा, आज एका वर्गाच्या दाराची गोष्ट सांगतो.

तिसरीच्या दारावर धायगुडे बाईंनी चित्रं चिकटवली होती: नमस्कार, टाळी, नाच आणि मिठी. रोज सकाळी पोरांनी एकावर बोट ठेवायचं आणि बाईंनी तसंच स्वागत करून त्यांना आत घ्यायचं. मन हलकं झालं की अभ्यास आपसूक होतो, असं बाई म्हणायच्या.

बाईंचे यजमान वारले. दिवसकार्य उरकून त्या शाळेत परतल्या, तेव्हा घरी बोलायलाही कुणी उरलं नव्हतं. हेडमास्तरांनी मायेपोटीच पोरांना बजावलं होतं, "बाईंना त्रास द्यायचा नाही, नुसता नमस्कार करा." म्हणून एकेक पोर हात जोडून, मान खाली घालून आत गेलं. बाईंचे हात रिकामेच राहिले.

शेवटी तनुजा आली. ती काही आत जाईना.

"बाई, आज तुम्ही बोट ठेवा."

हेडमास्तर बघत होते. बाईंनी नमस्कारावर बोट ठेवलं.

"खोटं सांगताय," ती म्हणाली. "आमी खोटं बोललो की रागावता ना?"

बाईंचं बोट हळूहळू मिठीकडं सरकलं. मग गुडघे टेकून, त्या पोरीच्या खांद्यावर त्या मनसोक्त रडल्या.

संध्याकाळी घराचं कुलूप मात्र त्यांना स्वतःच उघडावं लागतं. मायबापहो, दिवेलागणीला देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या बाईंची आठवण काढा.